आघाडा आणि चिंचोका

दिवाळी तोंडावर आली की फटाक्यांच्या खरेदीसाठी तेरखेड्यास जी रीघ लागते, तिच्यात सामील होऊन मीही परवा तेथे गेलो. परंतु चित्त गुंतले ते कुंपणाशी उभ्या असलेल्या आघाड्यात, कारण त्याच्या वाळल्या तुऱ्यांवरची उलटी, टोकदार फळे कपड्यांना अशी बिलगली की ती एकेक वेचताना विंचवांची आणि आत्याची आठवण अनावर झाली.

बालाघाटच्या या मुरमाड मुलखात विंचू बारमाही रहिवासी. कडब्याच्या पेंढ्या उचलताना तो हटकून निघे. निजामी अमलात दवाखाना म्हणजे दूरचा तालुका, म्हणून भरवसा आघाड्याच्या मुळीवर, रुईच्या चिकावर आणि आत्यापुरता तरी चिंचोक्यावर. सहाणेवर पाण्याचे दोन थेंब टाकून, तांबूस टरफल झिजून आतला पांढरा भाग उघडा पडेतो ती तो उगाळी. मग दंशाची जागा बोटाने चाचपून त्यावर दाबून धरी. तो चिकटे. “हलू नकोस लेकरा, धरलंय त्यानं,” असे म्हणत ती हात धरून बसे, आणि आपोआप गळून पडला की विष उतरले असे जाहीर करी. चिंचोक्यातील चिकट द्रव्य ओल शोषून कातडीला धरते, विष ओढीत नाही, हे पुढे कळले; तरी साध्या विंचवाच्या वा गांधीलमाशीच्या दंशाने कळवळणारे मूल तेवढा वेळ निश्चल राही, ही गोष्ट मी क्षुल्लक मानीत नाही.

लाल विंचवाचे मात्र निराळे. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, हृदयावर ताण, फुप्फुसांत पाणी. जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात महाडला असे रोगी रात्रंदिवस न्याहाळले आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांना लागू केली; 1986 साली ‘लॅन्सेट’ने त्याची दखल घेतली. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी सुमारे 30 टक्के दगावत. ते प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आले. तेव्हा लाल विंचू डसला असता उगाळण्यात घटकाही न दवडता दवाखाना गाठावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आघाड्याचा मान तरीही ढळत नाही. अथर्ववेदात अपामार्गाची सूक्ते आहेत, ऋषिपंचमीस बायका त्याच्याच काड्यांनी दात घासतात. आणि आत्या तर गौरीच्या पत्रीत आघाडा नसला की गड्याला पुन्हा माळावर पिटाळी, अन् तो परतेपर्यंत पुरणपोळीला कोणाला शिवू देत नसे.