पान पडण्याआधी

भिवंडी, शुक्रवार

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू इतका तावातावानं बोलत होतास की मला वाटलं, पैशांवरून काही झालं. निघालं काय, तर फाशावरून! शनिवारचा तुमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव, मित्रानं वीस बाजूंच्या फाशावर नेमके वीस टाकले आणि म्हणाला, आता राजानं मला सिंहासन द्यायचं. तू म्हणालास, विसाची जादू वार करताना, मनधरणी करताना नाही. तो उठून गेला.

तुमच्या २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे तू बरोबर आहेस. तरी चूक तुझी. कशी ते सांगतो, पण त्यासाठी तुला आमच्या मागांच्या गाळ्यात यावं लागेल.

मी मेहताजी होतो तेव्हा शुक्रवारी माग बंद असायचे. दुपारी कांड्यांची पेटी उलटी करायची, तिच्यावर कापडाचा तुकडा टाकायचा आणि मेंढीकोट. जॉबर आझमगडकडचा, एक पद्मानगरचा तेलुगू शेजारी, एक निजामपुऱ्यातले कोकणी मुसलमान चाचा आणि मी. चौघांचे खेळ चार गावांचे. जॉबरला बंद हुकूम हवा, शेजाऱ्याला कट हुकूम. पहिले दोन शुक्रवार एकही डाव पुरा झाला नाही, नुसता चहा झाला. शेवटी चाचांनी तोडगा काढला: जो पिसेल त्यानं पानं वाटण्याआधी हुकूम कसा ते मोठ्यानं सांगायचं. बस्स.

आणखी एक नियम होता, तो तुला कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. एका गाळ्यात काम करणारे दोघे भिडू व्हायचे नाहीत. कारण ऐक. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या केलेली माणसं भुवईनं, बोटानं, नुसत्या ओठांनी बोलतात: धागा तुटला, कांडी संपली, शेठ आले. असे दोघे समोरासमोर बसले तर तेरा पानं एकमेकांना वाचून दाखवतील, आणि आपण बसू छताकडे बघत. एक नवा गडी यावरून चिडला. मला चोर समजता का, म्हणाला. जॉबर म्हणाला, अरे, चोर नाही, कारागीर समजतो. तो हसला आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

चाचांची नजर पुढे अधू झाली. इस्पिक आणि किल्वर यांत गल्लत व्हायची. मग ठरलं की पुढचं पान पडेपर्यंत चाचांना आपलं पान परत घेता येईल. फक्त चाचांना. लहानपणी अंगणात धाकट्यांना लिंबूटिंबू करून खेळवायचो ना, तसंच. फरक इतकाच की चाचांसमोर तो शब्द काढायची कुणाची छाती नव्हती. चाचा गेल्यावरही ती सवलत राहिली, आणि सगळ्यांचीच झाली. मग एकानं दश्शा टाकून, समोरच्याचा चेहरा बघून, तो अलगद उचलला. त्या दिवशी आम्ही ती मोडीत काढली. ज्याच्यासाठी केली तो माणूसच पेटीपाशी नव्हता.

आता तुझ्याकडे येतो. तुझ्या खेळाविषयी थोडं वाचलं मी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तो आणला तेव्हा पेटीत तीन बारक्या पुस्तिका होत्या, आणि तिसरीच्या शेवटी लिहिलं होतं की कसं हवं ते तुम्हीच ठरवा आणि तसं खेळा. मुळात तो निघालाच सैन्याच्या लुटुपुटीच्या लढायांत केलेल्या घरगुती फेरफारांतून. जाडजूड पुस्तकं मागाहून आली. तेव्हा पुस्तक पुढे करून तू कुणाला गप्प करायला निघालास, तर ते पुस्तकच तुझी बाजू घेणार नाही.

पण मित्राचंही सगळं खरं नाही. वीस पडण्याची शक्यता शंभरात पाच. संध्याकाळभरात ते दोन-चारदा पडायचेच. दर वेळी सिंहासन द्यायचं तर राजे आणायचे कुठून? मी असतो तर राजाला खूश होऊन हसू दिलं असतं, एक घोडा बक्षीस दिला असता आणि सिंहासन त्याच्याच बुडाखाली ठेवलं असतं.

तुझी चूक वेळेची. फासा थांबल्यावर तू नियम सांगितलास. पान पडल्यावर सांगितलेल्या हुकुमाला आमच्याकडे हुकूम म्हणत नाहीत, चालूपणा म्हणतात. तू मनानं चालू नाहीस हे मला ठाऊक आहे, त्याला कसं कळावं? त्याला फोन कर. पुढच्या शनिवारी फासे बाहेर काढण्याआधी विसाचं काय ते ठरवा, आणि वहीत लिहा. मागच्या शनिवारचा घोडा मात्र देऊन टाक.

तुझा
मामा

ता. क. दिवाळीत येशील तेव्हा ते वीस बाजूंचे फासे घेऊन ये. जॉबरला दाखवायचे आहेत. तो म्हणतो, वीस बाजूंचा फासा असूच शकत नाही, गोटीसारखा घरंगळत धामणकर नाक्यापर्यंत जाईल. पेटीखाली गेलेला फासा धरायचा की परत टाकायचा, ते येण्याआधी कळव.