दहावीनंतर, करोंदहून

बारावीची दोन आणि बी. टेक.ची चार, झाली सहा वर्षं. पॉलिटेक्निकची तीन, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला तर आणखी तीन, तीही सहाच. आयटीआयला फिटर दोन, तिथून डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षाला जाऊन दोन, पदवीची तीन: सात. हा हिशेब शेजारच्या काकूंना मांडून दाखवला. त्या म्हणाल्या, “ते सगळं खरं रे, पण आयटीआय म्हणजे कमी मार्कवाल्यांचं ना?”

*

फिटरच्या पहिल्या वर्षाची पोरं कानस चालवत असतात. लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये धरायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा वाइसमध्ये. पदवीच्या वर्कशॉपमध्येही हेच काम असतं, पण चार तासिकांत उरकतात.

*

भोपाळमधल्या करोंदला लागूनच निशातपुरा, तिथे रेल्वेचा डबे दुरुस्तीचा कारखाना. रेल्वेत अप्रेंटिस निवडताना लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयचे गुण बघतात. अप्रेंटिस झालं म्हणजे नोकरी लागली, असं मात्र नाही. लेव्हल १ च्या भरतीत अशा मुलांना २० टक्के जागा राखीव असतात, एवढंच. हे आधी सांगत नाहीत म्हणून घरोघरी रुसवेफुगवे.

*

भेलची इथली सुरुवात १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून झाली, ब्रिटिश कंपनीच्या मदतीने. भोपाळच्या मराठी घरांत अजून ‘भेलमध्ये लागला’ हे वाक्य लग्नाच्या बोलणीत चालतं. कोणत्या पदावर, हे नंतर विचारतात. विचारायला आधी हवं: डिप्लोमावाला सुपरवायझर ट्रेनी म्हणून शिरतो, पदवीवाला इंजिनिअर ट्रेनी म्हणून, आणि दोघांच्या बढतीच्या वाटा वेगळ्या.

*

मॅनिट, म्हणजे भोपाळचं एनआयटी (१९६० चं, तेव्हा मौलाना आझाद कॉलेज) हवं असेल तर डिप्लोम्यावरून थेट प्रवेश नाही. तिथे जेईई मेनच. २०२१ पासून ही परीक्षा १३ भाषांत होते, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच. इथला मराठी मुलगा हिंदी नाहीतर इंग्रजी निवडतो. त्याचं काही अडत नाही म्हणा. शाळाही त्याच भाषांत झालेली असते.

*

डिप्लोम्यातून पदवीला आलेल्यांना मशीन कळतं, गणित छळतं. ते थेट तिसऱ्या सेमिस्टरला येतात आणि पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस येतंच असं प्राध्यापक धरून चालतात. मधली सुट्टी त्यासाठीच वापरावी.

*

नोकरी करता करता पत्राने इंजिनिअर होण्याची जाहिरात दिसली तर पान उलटावं. दूरशिक्षणाच्या बी. टेक.ला मान्यता नाही. अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये हातोडा घातला. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या एएमआयई परीक्षेची पदवीशी बरोबरीही ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच. नोकरदारांनी संध्याकाळच्या वर्गांची चौकशी करावी.

*

कॉलेजच्या फाटकावर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ लिहिलेलं असतं. ही मान्यता शाखेला मिळते, कॉलेजला नव्हे, आणि तिला मुदत असते. आपल्याला हव्या त्या शाखेची आहे की नाही आणि कधीपर्यंत, हे फी भरायच्या आधी विचारावं.