बुरुजाचा हिशेब

२०२५ साली बारावीचा निकाल लागला आणि आमची नात एक वही घेऊन ओट्यावर आमच्याशेजारी येऊन बसली. तिला अभियांत्रिकीला जायचे होते. पाच महाविद्यालयांची नावे तिने एकाखाली एक मांडली होती. प्रत्येक नावापुढे मंजूर वार्षिक शुल्क होते. जिथे माहिती मिळाली तिथे नोकरी लागलेल्यांची संख्या आणि त्यांचा मध्यम पगारही होता. "आबा, पप्पांच्या वेळी तुम्ही काय काय पाहिले होते?" तिने सहज विचारले. आम्ही निरुत्तर झालो. आम्ही पाहिली होती ती एक रंगीत माहितीपुस्तिका!

ते साल होते १९९६. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली होती आणि आमच्या गावागावांतून "मुलगा इंजिनिअर झाला" हे वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाऊ लागले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर जागांची 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' अशी विभागणी झाली होती. थोड्या गुणांनी आमच्या मुलाची फ्री सीट हुकली. पेमेंट सीटचे शुल्क छापील होते. त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढले. परंतु प्रवेशाच्या दिवशी खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी आवाज खाली आणून आणखी एका रकमेचा उल्लेख केला. तिची पावती मिळणार नव्हती.

कॅपिटेशन फी घेण्यास बंदी करणारा राज्याचा अधिनियम १९८७ चा. म्हणजे कायदा होता, त्यात तुरुंगवासाची तरतूदही होती आणि आम्हांला हे सारे ठाऊक होते. तरीही आम्ही घरी आलो, केळीच्या वाडीचा विहिरीकडचा तुकडा विकला आणि रक्कम नेऊन दिली. त्या रात्री सौ. जेवल्या नाहीत. तो तुकडा त्यांच्या सासूबाईंनी हाताने शिंपून वाढवला होता.

चार वर्षांनी पदवी मिळाली. पुस्तिकेत 'शंभर टक्के नोकरी' असे छापले होते. मुलाच्या वर्गात मात्र एकही कंपनी फिरकली नाही. तीन वर्षे त्याने एका संगणक वर्गात तुटपुंज्या पगारावर शिकवले. पुढे प्रभुकृपेने त्याचे बरे झाले. पण वाडी काही परत आली नाही.

बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा बोध प्रभू येशूने दिला आहे. लूकच्या शुभवर्तमानातला तो दाखला आम्ही कितीदा ऐकला असेल! परंतु खर्चाचा अंदाज घ्यायचा तर खर्च कळायला हवा. तो दडवून ठेवला जातो तेव्हा शहाणा माणूसही अर्धवट बुरुजापुढे उभा राहतो.

पुढे काही बदलले, हे मान्य केले पाहिजे. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात न्यायालयाने संस्थांना शुल्क ठरवण्याची मोकळीक दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांना मनाई कायम ठेवली. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांचे प्रवेश व शुल्क यांचे नियमन करणारा महाराष्ट्राचा अधिनियम २०१५ साली आला. आता संस्थेने आपला जमाखर्च शुल्क नियामक प्राधिकरणापुढे मांडायचा आणि मंजूर झालेले शुल्क सर्वांना पाहता येते. नातीच्या वहीतला पहिला आकडा तिथलाच.

दुसरा आकडा मात्र या कायद्यातून येत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था जी माहिती देतात, तीत तो असतो. तो संस्थेनेच दिलेला असतो. आणि मध्यम पगार काढतात तो केवळ नोकरी लागलेल्यांचा. ज्यांना लागलीच नाही, ते त्या आकड्यात कुठेच नसतात. आमचा मुलगा त्या काळी अशा आकड्यात आला नसता. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याने २०१२ साली कायदाच केला, की पदवीनंतर अठरा महिन्यांनी पदवीधरांची कमाई किती, हे अभ्यासक्रमवार प्रसिद्ध करावे. असे बंधन आपल्या राज्यानेही घालावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

आणि हे म्हणताना आपल्या समाजाच्या संस्थांना वगळून चालणार नाही. घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क दिला. हिशेब न देण्याचा नव्हे. कारभाऱ्याकडून हिशेब मागणारा धनी तर आपल्याच शुभवर्तमानातला आहे.

प्रवेशाच्या दिवशी आम्ही नातीबरोबर गेलो. वहीतले एक नाव तिने आधीच खोडले होते. तिथे जाहिरात मोठी होती आणि आकडा एकही नव्हता. खिडकीपाशी आमचा नंबर आला तेव्हा, एकोणतीस वर्षांपूर्वी जो प्रश्न आम्ही गिळला होता तो मोठ्याने विचारला, "छापलेल्या शुल्काव्यतिरिक्त काही द्यावे लागेल काय? असल्यास पावती मिळेल ना?"

मागच्या रांगेतली माणसे ऐकू लागली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "नाही आजोबा, एवढेच." आमचा हात कापत होता. नातीने तो धरला आणि पावती आमच्याकडेच ठेवायला दिली.