सडा, उतार, खाडी

आपल्या कोकणातल्या मुसलमान वस्तीत सायकलला फारशी इज्जत नाही. शाळकरी पोराने चालवावी, पाववाल्याने चालवावी. पण पगारदार माणूस, त्यातून मास्तर, सायकलवर दिसला की लोक काळजीने चौकशी करतात. दिवाळीच्या सुट्टीत सायकलला सामान बांधून मी घराबाहेर पडू लागलो, त्याला आता सहा वर्षे झाली. पहिल्याच वर्षी जमातीतले एक बुजुर्ग अब्बांना येऊन विचारून गेले, की मुलाला काही कर्जबिर्ज झाले आहे काय! त्यांचेही चुकले नाही. ज्या मोहल्ल्यात घरटी एक मुलगा कुवेत-कतारला आहे आणि अंगणात मोटार ताडपत्रीखाली मे महिन्याची वाट बघत उभी आहे, तिथे स्वखुशीने चढावर घाम गाळणारा माणूस संशयास्पदच वाटणार.

मी श्रीवर्धन तालुक्यात राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान-गणित शिकवतो. आमच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाला ‘कशिश-ए-सिक्ल’ म्हणतात आणि घर्षणाला ‘रगड’. हे दोन्ही शब्द मला बी.एड.ला जेवढे समजले नाहीत तेवढे बाणकोट ते केळशी या रस्त्यावर समजले. माझे वजन, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरा. चढ शंभर मीटरला आठ मीटर उंची घेणारा आहे. साध्या काळ्या सायकलचे पायडल एकदा फिरले की ती पाच मीटरहून जास्त पुढे जाते. म्हणजे एका फेरीत शंभर किलोचे ओझे चाळीसेक सेंटिमीटर वर उचलायचे. माझ्या 21 गिअरच्या सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरला तीच एक फेरी पावणेदोन मीटर जाते आणि ओझे जेमतेम चौदा सेंटिमीटर उचलावे लागते. एकूण काम तेवढेच, फक्त तीन हप्त्यांत. हप्त्याचा हिशेब आमच्या मुलांना लगेच कळतो.

लोकांना वाटते, समुद्रकाठचा रस्ता सपाट असतो. घाट म्हणजे चढ आणि किनारा म्हणजे मजा. प्रत्यक्षात उलटे आहे. एका वर्षी मी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगरला गेलो. घाट मोठा खरा, पण प्रामाणिक आहे. मालाच्या गाड्या चढाव्यात म्हणून मोजूनमापून काढलेला रस्ता. वळणे घेत एका चालीने वर जातो. एकदा श्वास बसला की तास-दोन तास तोच राहतो, आणि माथा एकदाच चढावा लागतो. किनाऱ्याचे तसे नाही. जांभ्या दगडाचा सडा शे-दीडशे मीटर उंच. त्यावर वारा, कातळ, वाळलेले गवत. मग रस्ता एकदम खाली कोसळतो, माडांत शिरतो, पूल किंवा धक्का येतो, आणि खाडी ओलांडली की पुन्हा पहिल्यापासून चढ. उतारावर मिळवलेले सगळे पुढच्या चढाला द्यावे लागते, वर ब्रेकची रगड कमिशन खाते. दिवसभरात असे चार-पाच सडे झाले की कुंभार्लीपेक्षा जास्त चढून होते आणि संध्याकाळी माणूस पुन्हा समुद्रसपाटीलाच असतो.

हा रस्ता असा का, याचे उत्तर मला भूगोलाच्या पुस्तकात मिळाले नाही. ते अब्बांनी दिले. अब्बा सत्तावीस वर्षे मालवाहू जहाजांवर खलाशी होते. मी पहिल्या मुक्कामावरून घरी फोन केला तर त्यांनी गावाचे नाव विचारलेच नाही. विचारले, “कुठली बत्ती दिसते?” बत्ती म्हणजे दीपगृह. त्यांचे कोकण नानवेल, टाळकेश्वर, जयगड, रत्नागिरी असे बत्त्यांनी मोजलेले. मी सड्याबद्दल कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, “अरे, गावं रस्त्यासाठी वसलीच नव्हती. ती खाडीसाठी वसली. तू घराच्या मागच्या दाराने हिंडतोयस.”

तेव्हापासून मी नीट बघू लागलो. सावित्रीच्या मुखावर बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ, शास्त्रीच्या मुखावर जयगड. प्रत्येक नदी सह्याद्रीतून येते, सडा चिरते आणि समुद्राला मिळण्याआधी रुंद होते. त्या रुंद पाण्याच्या दोन्ही काठांना आपल्या वस्त्या, मशिदी, कबरस्ताने. गलबत भरतीबरोबर आत जायचे, ओहोटीबरोबर बाहेर. शेजारच्या खाडीतल्या गावाला जायचे तरी समुद्रातून. आमच्या आजीच्या पिढीला मुंबई जवळ होती, आगबोटीने. आणि सड्यापलीकडचे गाव लांब. पावसाळ्यात आगबोट बंद झाली की मुंबईही लांब. पडावात बसून बोटीच्या शिडीला लागताना किती बायका ओकल्या आणि किती पोरे रडली, हे आजी असे सांगे की जणू तेच खरे प्रवासवर्णन.

दाभोळला धक्क्याजवळ सतराव्या शतकातली आदिलशाही मशीद आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. काळ्या दगडाची, मोठ्या घुमटाची, आणि आजच्या गावाच्या मानाने फारच भव्य. सायकल भिंतीला टेकवून मी पायरीवर बसलो तेव्हा वाटले, हे गावाचे माप नाही, बंदराचे माप आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात या बंदरातून जहाजे हुर्मुझला आणि अरबस्तानला जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानातून परत निघाला तो इथूनच. आणि 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाने हेच शहर जाळून लुटले. सहावीच्या वर्गाला हे सांगितले तर मुले विचारतात, “सर, आपलं दाभोळ?” दाभोळ म्हणजे त्यांच्या मामूचे घर. तिथे इतिहास घडू शकतो यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

केळशीला मात्र न सांगता बसतो, कारण याकूबबाबांचा दर्गा सगळ्यांना ठाऊक आहे आणि शिवाजी महाराजांची त्यांच्यावर श्रद्धा होती हेही. तिथे विसावलेला एक शेतकरी माझे सामान बघून म्हणाला, “नवस आहे का?” मी नाही म्हटले. “मग पैज?” तीही नाही. तिसरे कारण त्याला सुचेना. मला तरी कुठे सुचत होते.

नाव विचारले जाते. हेही लिहिले पाहिजे. आधी ‘कुठून आलात’, मग ‘कुठवर’, मग ‘नाव काय’. नाव सांगितल्यावर कधी बोलणे चालू राहते, कधी अर्धा क्षण थांबून चालू राहते, कधी थांबतेच. एका गावात रिकामी असलेली खोली माझे नाव ऐकल्यावर भरलेली निघाली. तिन्हीसांजेला पुढचा सडा चढून खाली उतरलो तर एका भंडारी बाईंनी ओटीवर जागा दिली, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचे तिखले वाढले, आणि बांगडा किती महाग झाला यावर तासभर ऐकवले. यावरून मी काही सिद्धान्त काढत नाही. फक्त तो सडा अंधारात चढताना पाय जास्त जड होते, एवढे नोंदवतो.

आपण बहुतेक कोकणी शाफई. सुमारे 80 किलोमीटरपलीकडे निघालो की मुसाफिराची सवलत लागू होते. नमाज कसर करता येते, जोहर-असर एकत्र पढता येतात. मोटारीने हे अंतर दोन-अडीच तासांत जाते आणि मुसाफिर झाल्यासारखे मुळीच वाटत नाही. सायकलवर तो अख्खा दिवस आहे. धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत वजू करताना त्या सवलतीचा अर्थ गुडघ्यांना कळतो.

फेरीबोटींचे दिवसही आता मोजके दिसतात. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाचे स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांनी पाहिले. ते आंबेतचे, म्हणजे सावित्रीकाठचेच. 1980 ते 1982 मुख्यमंत्री होते. बाणकोटच्या खाडीत पुलाचे खांब कित्येक वर्षे अर्धवट उभे राहिले. मी वेसवीची फेरी पकडताना दरवर्षी ते बघत आलो. आता मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचे पुन्हा हाती घेतले आहे. पूल झालेच पाहिजेत. रात्री कळा सुरू झालेल्या बाईला फेरीची वेळ सांगून चालत नाही. पण पूल होईपर्यंत पलीकडे जाणारे कोण उरणार, हा प्रश्न मला उतारावर ब्रेक दाबतानाही सोडत नाही.

कारण वस्तीतून सावकाश गेले की कुलपे मोजता येतात. मोटारीतून रंगवलेली घरे दिसतात. सायकलवरून त्यांच्या कड्यांवरचा गंज दिसतो. एका खाडीकाठच्या गावी उर्दू शाळेत डोकावलो. सुट्टी होती, पण शिक्षक शेजारीच राहत. त्यांनी वर्ग उघडून दाखवला. फळ्याच्या कोपऱ्यात पट लिहिलेला होता : 11. खडूने लिहिलेला आकडा पुसून कमी-जास्त करता येतो म्हणून तो तिथे, असे ते हसत म्हणाले. आणखी दोन मुले गेली की ते कदाचित अतिरिक्त ठरतील, समायोजनात कुठेतरी डोंगरात जातील. माझ्या शाळेचा पट त्यांनी विचारला. मी सांगितला. मग आम्ही दोघेही बराच वेळ सायकलच्या गिअरबद्दल बोललो.

यंदा पूर्णगड ते विजयदुर्ग करायचे आहे. मधे मुचकुंदी, जैतापूर आणि वाघोटण अशा तीन खाड्या. अब्बांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, पण नकाशा पुढे घेऊन त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या आहेत : इथे पडाव लागायचे, इथे पाण्याची विहीर होती, इथे खडक आहे, संभाळ. खडक समुद्रातला आहे. सायकलला त्याचे काय भय, असे मी म्हटले नाही.