पाणी न घालायला माणूस हवा

होळी जवळ आली की नंदुरबारच्या पथाऱ्यांवरची मिरची आवरत आलेली असते, आणि आमच्या मागच्या अंगणात कॅक्टसना कळ्या धरू लागतात. गेली काही वर्षं माझ्यासाठी वसंत म्हणजे हाच. आंब्याचा मोहोर, पळस वगैरे नंतर!

आमचं 'हरितगृह' म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर पॉलिथिनचं छत आणि चारी बाजूंना जाळी. बारा बाय दहा फूट. ह्यांनी रिटायर झाल्यावर बांधून घेतलं. पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाळवंटातल्या झाडांना घर कशाला? तेही आपल्या उन्हात?" प्रश्न बरोबर आहे. थंड देशांत कॅक्टससाठी काचघर बांधतात ते ऊब मिळावी म्हणून. आमच्याकडे उबेची काय कमी! मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. आमचं छत आहे ते पावसासाठी. जून ते सप्टेंबर रोज भिजणारी कुंडी म्हणजे कॅक्टसचं मरण. त्यातून तापीकाठची काळी माती, कापसाला सोनं पण यांना विष, कारण ती पाणी धरून ठेवते. म्हणून आमच्या कुंड्यांत वाळू, बारीक खडी, विटांचा चुरा आणि थोडंसं चाळलेलं शेणखत. एप्रिल-मे मध्ये छतावर हिरवी जाळी पडते, कारण इथल्या उन्हात कॅक्टससुद्धा भाजतो. विश्वास बसत नाही ना? छोट्या कुंडीतली मुळं अक्षरशः शिजतात.

आता थोडं मास्तरकीचं (सवय जात नाही). आपण सगळ्याच काटेरी झाडांना निवडुंग म्हणतो. पण बांधावरचा त्रिधारी निवडुंग कापला की पांढरा चीक येतो. तो युफोर्बियाच्या कुळातला, कॅक्टस नव्हेच. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस, आणि तो मूळचा इथला नाही, अमेरिका खंडातला. एखादी जात सोडली तर सगळेच कॅक्टस तिकडचे. आणि गंमत म्हणजे "काटेरी झाड घरात नको, भांडणं होतात" असं म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई ज्या फुलासाठी रात्री बारापर्यंत जागायच्या, आरती करायच्या, ते कुंडीतलं 'ब्रह्मकमळ' हाही एक कॅक्टसच! मूळचा मेक्सिकोकडचा. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं. सासूबाईंना हे मी कधी सांगितलं नाही. पण ते सोडा.

फुलांकडे येते. आधी फुलतात मॅमिलॅरिया. लिंबाएवढा गोळा, आणि डोक्याभोवती बारक्या गुलाबी फुलांचं कडं, गजरा माळल्यासारखं. ही फुलं बहुधा गेल्या वर्षी वाढलेल्या भागातून येतात, म्हणून ती गोल रांगेत बसतात. म्हणजे यंदाचा गजरा गेल्या वर्षीच्या वाढीचा. मग जिम्नोकॅलिशियम. नावाचा अर्थच 'उघडी कळी'. हिच्या कळीवर ना लव ना काटा, फूल रेशमी, दुपारच्या उन्हात उघडणार, संध्याकाळी मिटणार, असं चार-पाच दिवस. शेवटी इकायनॉप्सिस. वीतभर लांब लवदार देठावर पांढरंशुभ्र फूल, रात्री उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं. वर्षभर सांभाळायचं ते एवढ्यासाठी.

आणि सांभाळायचं म्हणजे काय, तर काही करायचं नाही! दिवाळीनंतर पाणी कमी करत आणायचं. डिसेंबर-जानेवारीत बंद. थेंबही नाही. इथे तेव्हा रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात, आणि ही थंडी आणि हा कोरडेपणा मिळाला तरच कळ्या धरतात. झाडं आक्रसतात, कडा वर येतात, अगदी आजारी दिसतात. हिवाळ्यात पाणी मिळालं तर ती हिरवीगार, लांबुळकी वाढतात, आणि फुलत नाहीत. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं की पहिलं पाणी. मग आठ-दहा दिवसांत फुगून गोल होतात.

हे दुसऱ्याला समजावणं महाकठीण. "ताई, यास्ले पानी काब्र नही?" असं आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई विचारते. एका डिसेंबरात आम्ही लग्नाला गेलो होतो, तेव्हा शेजारच्यांनी दया येऊन आठवडाभर बादलीने पाणी घातलं. अठरा कुंड्या बुडाशी कुजल्या. रागावणार कुणावर? माया होती हो ती. पाणी घालायला माणूस सांगून मिळतो, न घालायला मिळत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या वर्षी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून मुलाचा रोज फोन. "आई, पुण्याला या. बाबांना काही झालं तर तिथे कोण आहे?" सूनही मनापासून म्हणते. त्यांचं चूक नाही. रात्रीच्या वेळी इथून सुरत किंवा नाशिक गाठायचं म्हणजे काय, ते आम्ही त्या रात्री पाहिलं. मुलगा म्हणतो, झाडं कुणाला तरी देऊन टाका, गॅलरीत चार ठेवू. ह्यांनी यावर काहीच उत्तर दिलं नाही. नुसते उठून मागे गेले आणि तासभर चिमट्याने पिठ्या ढेकूण वेचत बसले. अंगावर माणसं नकोत, कामावर बोलावणारं काहीतरी हवं, हे मला त्या तासात कळलं. सतत विचारपूस होणाऱ्या घरात हे आक्रसणार नाहीत, पण फुलतील का?

शेवटी उत्तर कॅक्टसच्याच वेळापत्रकात सापडलं. नोव्हेंबर ते जानेवारी त्यांना आमची गरजच नसते. उलट आम्ही नसलेलं बरं! म्हणून ते तीन महिने पुण्यात, मुलाजवळ, तपासण्या तेव्हाच. फेब्रुवारीच्या मध्याला परत, पहिल्या पाण्याला. उरलेल्या नऊ महिन्यांसाठी डॉक्टरांचा नंबर भिंतीवर, गाडीवाला सांगून ठेवलेला, आणि मुलाचा फोन दिवसातून एकदाच. (दोनदा करतो. चालायचंच.) धोका आहेच, तो दोघांनी समजून घेतलाय.

यंदाचा हिवाळा असाच काढला. हरितगृहाला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, पुण्याला. ;-) परवा मोजल्या, त्रेचाळीस कुंड्यांना कळ्या आहेत. मावशी, नाशिकहून येणार असाल तर पुढच्या दहा दिवसांत या. दुपारी या, तेव्हा उघडलेली असतात.