पट्ट्याची कुरकुर

कुरकुरणाऱ्या वस्तूंवर आपल्याकडे एकच औषध सर्वांना ठाऊक आहे, आणि तें म्हणजे तेल. दार करकरलें कीं बिजागरीला तेल, पाळणा कुरकुरला कीं कड्यांना तेल, बैलगाडीचें चाक ओरडूं लागलें कीं कण्याला वंगण. हा उपाय इतका रामबाण मानला गेला आहे कीं, तेलाच्या दोन थेंबांनीं जें गप्प बसत नाहीं तें कायमचें बिघडलें असेंच आम्ही मध्यम वर्गाचे लोक समजतों. अशा स्थितींत ज्याला तेल अपथ्यच आहे असें एक यंत्र आमच्या घरीं येऊन राहिलें, आणि ह्या जुन्या शहाणपणाची मोठी पंचाईत झाली.

हें यंत्र म्हणजे आमच्या चिरंजीवांची मोटारसायकल. नोकरीनिमित्त परदेशीं जातांना ती त्यांनीं आमच्या स्वाधीन केली. एका परदेशी कंपनीच्या गाड्यांत ही सर्वांत स्वस्त. तरी प्राध्यापकाच्या नजरेनें पाहतां चांगलीच महाग. तिला साखळी नाहीं. इंजिनाची शक्ति मागील चाकाला पोंचते ती एका रुंद, काळ्या, दांतेरी पट्ट्याच्या द्वारें. दर रविवारीं तिला फिरवून आणण्याचें काम पन्नाशी उलटलेल्या आमच्याकडे आलें, आणि कांहीं महिन्यांनीं ती कुरकुरूं लागली. चिमणीनें थांबून थांबून चिवचिवावें तसा तो आवाज. वेग वाढला कीं चिवचिव दाट होई. शेजाऱ्यांनीं तेलाची बाटली पुढें केली. आमच्या कुटुंबानें गाडी विकून टाकण्याची सूचना केली. चिरंजीवांची घरांत उरलेली मोठी वस्तु ती एकच. ती गेली तर त्यांच्या परत येण्याची एक खूणच गेली, असें आम्हांस वाटत होतें. पण तें आम्हीं बोलून दाखविलें नाहीं.

पट्टा ही कांहीं नवी युक्ति नव्हे. पिठाच्या गिरणींत तो आपण सर्वांनींच पाहिलेला आहे. पहिल्या महायुद्धापूर्वींच्या कित्येक मोटारसायकली चामड्याच्या पट्ट्यावरच धांवत; परंतु पाऊस लागला कीं पट्टा घसरे, म्हणून साखळीनें त्याची जागा घेतली. पुढें १९६५ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनींत स्टेफनी क्वोलेक ह्या विदुषींनीं असे तंतु शोधून काढले कीं, जे वजनाच्या मानानें पोलादाहूनहि अधिक ताण सोसतात. अशा तंतूंचें बळ मिळाल्यावर पट्ट्याचे दिवस पुन्हा आले. १९८० सालीं हार्ले-डेव्हिडसनच्या स्टर्जिस गाडीवर तो झळकला. साखळींत लोखंडावर लोखंड घासतें, म्हणून तिला दर पांचसहाशे किलोमीटरांनीं तेल पाजावें लागतें. पट्ट्यांत घासणारें असें कांहीं नसतें. त्यावर तेल पडलें तर धूळ चिकटून तिचा लेप बसतो आणि पट्ट्याचें आयुष्य मात्र घटतें. थोडक्यांत, त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावें, त्याच्यावर घालूं नये.

आमचे मिस्त्री अशा पाहण्यांत निष्णात निघाले. गाडी उभी असतां इंजिन चालविलें, आवाज नाहीं. गाडी चालतांना क्लच दाबून धरला, आवाज तसाच. म्हणजे इंजिन निर्दोष ठरलें. साबणाच्या पाण्यानें पट्टा धुऊन कोरडा केला. दोन दिवस शांतता लाभली आणि तिसऱ्या दिवशीं चिमणी परत आली. म्हणजे केवळ धूळहि नव्हे. मग त्यांनीं मागचें चाक उचलून हातानें फिरविलें आणि आम्हांस वांकून पाहावयास सांगितलें. पट्टा पुलीच्या मधोमध न चालतां एका कडेला अंग घासत होता. मागें टायर बदलतांना चाक केसभर तिरपें बसविलें गेलें होतें. त्यांनीं तें सरळ केलें. नंतर पट्ट्याच्या खालच्या पदराच्या मध्यावर सुमारें साडेचार किलोंचा जोर देऊन तो किती उचलतो तें मोजलें व गाडीच्या पुस्तकांतील आंकड्याशीं ताडून पाहिलें. ताण अधिक झाला तर बेअरिंगें झिजतात, कमी पडला तर पट्टा दांते चुकवितो. चिवचिव थांबली.

ओरडत होता पट्टा आणि दोष होता चाकाचा! रोग म्हशीला आणि औषध पखालीला ही म्हण आम्हीं वर्गांत कितीदां समजावून दिली असेल. पण तिचा अर्थ एवढा डोळ्यांसमोर फिरतांना प्रथमच पाहिला. तेलानें कदाचित् चार दिवस आवाज दबला असता आणि आंत पट्ट्याची कड झिजत राहिली असती. जो अवयव ओरडतो तो बहुधा दुसऱ्याचें दुखणें सोसत असतो. त्याचें तोंड बंद करणें सोपें, पण चाक तिरपें तें तिरपेंच राहतें.

गाडी नीट झाल्याचें आम्हीं घरीं मोठ्या उत्साहानें सांगितलें. त्यावर उत्तर आलें, "तरी विकाच." आतां आवाज तर राहिला नव्हता! थोड्या वेळानें आमच्या कुटुंबानें आपण होऊन सांगितलें कीं, रविवारीं फाटकाशीं ती गाडी थांबली म्हणजे क्षणभर मुलगाच आला असें वाटतें, आणि मग शिरस्त्राण काढून आंत येतां ते तुम्ही! म्हणजे येथेंहि ओरड गाडीची होती आणि दुखणें निराळेंच होतें. विक्रीविषयीं आम्हीं त्या दिवशीं वाद घातला नाहीं. रात्रीं चिरंजीवांना दूरध्वनि केला, दिवाळीला रजा मिळेल काय तें विचारलें, आणि उत्तर ऐकण्यासाठीं यंत्र त्यांच्या मातोश्रींच्या हातीं दिलें.