पार्किंगपर्यंतचं वेरूळ

अब्बांनी एकतीस वर्षं एस.टी. चालवली. दर हिवाळ्यात सोलापूर डेपोतून प्रासंगिक कराराच्या गाड्या शाळांच्या सहली घेऊन निघत. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा हा ठरलेला मार्ग. वेरूळ कितीदा पाहिलं असं कुणी विचारलं की अब्बा सांगत, "चाळीस-पन्नास वेळा तरी." ते खोटं नव्हतं. फक्त ते वेरूळ पार्किंगपर्यंतचं होतं. पहाटे निघालेला ड्रायव्हर, पोरं लेणी बघायला उतरली की मागच्या लांब सीटवर आडवा होतो. पोरं परततात तेव्हा त्याची पुढची पाळी सुरू होते.

२०२२ मध्ये अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता काठी टेकत ते दहा-बारा पावलं चालतात, त्यापुढं चाकांची खुर्ची. गाडीत डावीकडच्या पुढच्या सीटवर बसवलं की गिअर बदलताना त्यांचा डावा पाय आजही क्लच दाबतो. आम्ही तिघं भावंडं ते पाहतो आणि बोलत नाही.

या जानेवारीत अब्बा-अम्मीला घेऊन औरंगाबादला जायचं आम्ही ठरवलं. २०२३ पासून त्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. अब्बांच्या तोंडी मात्र शहराचं जुनं नाव आहे आणि रस्त्याचा जुना नंबरही. आजचा राष्ट्रीय महामार्ग ५२ त्यांच्यासाठी अजून "दोनशे अकरा"च आहे. बेत ऐकल्याबरोबर ते म्हणाले, "जाव ना. तुम देखके आव, मैं गाडीमेंच बैठता."

आपल्या घरांतून हे वाक्य फार ऐकू येतं. गुडघे दुखणारी खाला म्हणते, काठी टेकणारे चाचा म्हणतात. आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो आणि पाण्याची बाटली हातात देऊन पुढं जातो. हे वाक्य म्हणायची वेळच येऊ नये असा बेत आखायचा, एवढं आम्ही ठरवलं.

असा बेत आखायला बसलं की प्रवासाचा नकाशाच बदलतो. काय बघायचं हा प्रश्न मागं पडतो. पायऱ्या किती, कमोड कुठं, गाडी दारापर्यंत जाते का, हे आधी येतं. खुर्चीची रुंदी टेपनं मोजली, पंचवीस इंच भरली. मग लॉजवाल्यांना फोन. "लिफ्ट आहे का?" "आहे की." "लिफ्टपर्यंत पायऱ्या किती?" मग थोडं थांबून, "पाचच आहेत." न्हाणीघराचं दार किती रुंद, हे तर कुणालाच सांगता येईना. एकानं मात्र फोन चालू ठेवून दार मोजलं आणि तळमजल्याची खोली देतो म्हणाला. तिथंच आम्ही पैसे भरले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. तो लॉजच्या पाच पायऱ्या उतरून यायला अजून वेळ लागणार असं दिसतं.

मग एकेक ठिकाण घेतलं. बीबी का मकबरा सोपा. बागेतला मधला रस्ता सरळ आहे, हौदाच्या काठानं खुर्ची जाईल आणि समोर सगळी इमारत दिसेल. कबरीचं दर्शन मात्र चबुतऱ्याच्या पायऱ्या चढूनच. पाणचक्कीला चढ नाही. दौलताबादेत चाँदमिनारपर्यंत दगडी फरसबंदीवरून खुर्ची हळूहळू न्यावी लागेल, त्यापुढं अंधारी आणि डोंगराची चढण. वेरूळला चौतीस लेणी, पण कैलास, म्हणजे सोळा नंबरचं लेणं, आत शिरल्यावर समोरच. डोंगर वरून खाली कोरत आणून आठव्या शतकात उभं केलेलं ते देऊळ चौकात खाली बसूनही बघता येतं. देवळाचा भार पाठीवर घेतलेले हत्ती तर खालूनच नीट दिसतात. वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी. म्हणून सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा.

घोडं अडलं ते अजिंठ्याला. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून बसनं चार किलोमीटर जायचं, मग पायऱ्या. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी डोली मिळते, चार माणसं उचलून नेतात. डोलीचं नाव काढताच अब्बांचा चेहरा उतरला. "चार कंधों पर आदमी एकच बार जाता," ते म्हणाले. खुर्चीसुद्धा नको, दर्ग्यात नको, लोकांत नको.

त्यावर अम्मी बोलली. ती सहसा अब्बांच्या बोलण्यात पडत नाही. ती म्हणाली, "उभ्या आयुष्यात गाडीवर असताना नमाज कशी पढलात? चार रकातीच्या दोन करून. मुसाफिराला सवलत आहे, आजाऱ्याला बसून पढायची सवलत आहे. ती घेताना कधी लाज वाटली नाही. मग खुर्चीची सवलत घेताना कसली लाज? आणि वेरूळ मीसुद्धा पाहिलेलं नाही. सुट्टीत सगळ्यांचे अब्बा घरी असायचे, तुम्ही सहलीवर."

अब्बा त्या रात्री गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बेताचा कागद मागवला आणि डाव्या हातानं खाडाखोड सुरू केली. अजिंठ्याची लेणी त्यांनी काटली, पण फर्दापूरचा घाट उतरण्याआधी व्ह्यू पॉइंटकडे जो रस्ता फुटतो तो ठेवला. तिथून वाघोरेचं वळण आणि त्यावरची लेण्यांची रांग समोर दिसते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती अशीच पलीकडून दिसली होती. दौलताबादला, "अंधारी तुम्ही बघून या, मी आणि अम्मी मिनाराखाली बसतो." हेही बसणंच होतं, पण या वेळी जागा त्यांनी निवडली होती. खुल्दाबादला दर्ग्याच्या दाराशी खुर्चीची चाकं पुसायला ओलं फडकं घ्यायचं, हे त्यांनीच लिहिलं. दर दोन तासांनी कुठं थांबायचं, कुठला चहा बरा, हेही त्यांनी लिहिलं. त्यातलं आम्हांला काहीच ठाऊक नव्हतं.

वेरूळपुढं आम्ही एक तास लिहिला होता. त्याचे त्यांनी तीन केले. मग जुन्या सवयीनं विचारलं, "आणि गाडीजवळ कोण थांबणार?"

"कुणी नाही," आमचा धाकटा भाऊ म्हणाला. "गाडीला कुलूप लावायचं."

अब्बांनी तेही कागदावर लिहून घेतलं.